हौशी सेडान रेसिंग: आधी गाडी की आधी रूलबुक?

थर्डगिअर:

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. दोन वर्षं रोजच्याच गाडीवर ट्रॅक डे केले, घड्याळाशी शर्यत लावून झाली, आता खरीखुरी रेस करायचीय, म्हणजे शेजारी दुसरी गाडी आहे, ब्रेकचा मार्कर जवळ येतोय आणि आतली जागा एकालाच मिळणार, ते. क्लबच्या हौशी सेडान क्लासमध्ये उतरायचं ठरवलंय. तिथे १६०० सीसीपर्यंत, २००० पर्यंत आणि त्याच्या वरचा असे तीन गट आहेत, गाडी कंपनीतून चार दरवाजांची निघालेली हवी, एवढं मला माहितीय.

समोर तीन गाड्या आहेत. एक बाबांची जुनी सेडान, १६०० सीसी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, सहा वर्षं शेडमध्ये झाकून उभी आहे. बाबा आता नाहीत आणि मी गाडी शिकलो ती हिच्यावरच, त्यामुळे रेसला हीच न्यावी असं फार मनात आहे. दुसरी दोन लिटरची रिअर व्हील ड्राइव्ह, ओळखीच्यांकडे, चालू कंडिशनमध्ये. तिसरी १४०० टर्बो, तिघींत सगळ्यात नवी, आणि काहीही न करता मस्त पळते. भाऊ म्हणतो बाबांच्याच गाडीत दोन लिटरचं इंजिन बसवू, त्यानं मापं घेतलीत, बसतं म्हणे. त्याचा वेल्डिंगवर हात चांगला आहे, वायरिंग मी करतो, बाहेरचा मिस्त्री कुणी नाही. पैसा मोजका आहे, एक अख्खा सीझन सगळ्या रेस धावून पूर्ण करता यावा एवढीच इच्छा.

तर यातली कुठली, आणि कामाला हात कुठून घालायचा? मला तर इंजिनपासूनच सुरुवात करावीशी वाटतेय.

पाना१३:

इंजिनपासून नको रे बाबा. सुरुवात रूलबुकपासून, आणि रूलबुक म्हणजे पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, कुणीतरी तोंडी सांगितलेलं नव्हे, चालू वर्षाचं पुस्तक, सगळी पानं आणि सीझनमध्ये मधेच निघालेली दुरुस्तीपत्रकं धरून.

सेडान क्लासच्या बहुतेक रूलबुकांत सुरुवातीलाच एक वाक्य असतं, ज्या बदलाला स्पष्ट परवानगी दिलेली नाही तो बदल करता येणार नाही. वाचायला दोन सेकंद लागतात. आम्हाला ते कळायला अख्खा वीकेंड लागला. आमच्या पहिल्या गाडीच्या पुढच्या लोअर आर्मची रबरी बुश फाटली होती म्हणून आम्ही त्याजागी पॉलियुरेथेनची बसवली, तेव्हा वाटलं की दुरुस्तीच तर केलीय. स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या नियमतपासणीला, तपासणारा माणूस टॉर्च घेऊन खाली वाकला, मिनिटभर बघितलं आणि विचारलं, ही पिवळी बुश कुठल्या कलमात बसते? तिथेच उभं राहून आम्ही दोघांनी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं, कलम नव्हतंच, कारण त्या गटात बुश मूळ मटेरियलचीच हवी होती. नंबराचे स्टिकर दारावर तसेच ठेवून गाडी ट्रेलरवर चढवली आणि घरी आलो. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं, तो नीट आणि शांतपणे बोलला, आणि तेव्हापासून गाडीतला एकही नट बदलायच्या आधी मी कलम शोधतो.

आता तुझ्या तीन गाड्या. टर्बोचं आधी. एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमात टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ नं गुणून मग गट ठरवतात, म्हणजे तुझी १४०० झाली २३८०. सगळ्यात छोटं इंजिन घेऊन तू सगळ्यात वरच्या गटात जाऊन उभा राहणार. तुझ्या क्लबचा आकडा वेगळा असला तर तो पुस्तकात लिहिलेला असेल, गाडीचं टोकन द्यायच्या आधी बघ.

आता भावानं इंजिन बदलायचं काढलंय ते. स्टॉकच्या जवळ राहणाऱ्या क्लासमध्ये सहसा त्या मॉडेलला कंपनीनं दिलेला ब्लॉकच ठेवावा लागतो, त्यामुळे शेडमध्ये इंजिन बसलं तरी पुस्तकात बसेलच असं नाही. आणि समजा चाललं, तर तू २००० च्या गटात गेलास, तेही १६०० चे ब्रेक, १६०० चा गिअरबॉक्स आणि नाकावर जास्तीचं वजन घेऊन.

एक हिशोब करून दाखवतो, कारण यात भलेभले फसतात. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८१ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७७.४, चार सिलिंडर, १५९५ सीसी. ब्लॉक जुना, सिलिंडरला ओरखडे, मशीन शॉपवाला सरळ मनानं अर्धा मिलिमीटर बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन देतो, रस्त्यावरच्या गाडीला हे रोजचंच काम. बोअर झाला ८१.५ आणि सीसी झाली १६१५. गेलास वरच्या गटात. पाव मिलिमीटर वाढवलं तरी १६०५ होते. काही पुस्तकांत रीबोअरसाठी थोडी सूट असते, काहींत अजिबात नसते, म्हणून इंजिन उघडायच्या आधी ते पान वाचायचं.

माझी पद्धत सांगतो. पुस्तकाची प्रिंट काढायची आणि प्रत्येक कलमाच्या बाजूला आपल्या गाडीचा आकडा पेन्सिलीनं लिहायचा, बोअर, स्ट्रोक, रिमची रुंदी, ट्रॅक (डाव्याउजव्या चाकांमधलं अंतर) आणि मुख्य म्हणजे वजन. गटाचं किमान वजन ड्रायव्हर धरून आहे की सोडून हे नीट बघ. गाडी रिकामी करूनही किमान वजनाच्या ऐंशी किलो वर राहत असेल तर ते ऐंशी किलो तू प्रत्येक ब्रेकिंगला, प्रत्येक वळणाला, सीझनभर वाहणार. उलट हलकी झाली तर बॅलस्ट, म्हणजे भरीचं वजन, तुला हवं तिथे, खाली जमिनीजवळ, बोल्ट करता येतं. कुठली गाडी घ्यावी याचं निम्मं उत्तर या एका आकड्यात असतं.

लांबवळण:

पाना१३ यांचं रूलबुकबद्दलचं सगळं मान्य, पण मी असतो तर दोन लिटरची रिअर व्हील ड्राइव्ह नीट बघून आलो असतो. पुढच्या दोन टायरांनी गाडी वळवायचीही, ओढायचीही आणि ब्रेकचा मोठा वाटाही घ्यायचा, असं फ्रंट व्हील ड्राइव्हचं असतं, त्यामुळे रेस लांबली की पुढचे टायर तापतात, नाक बाहेर जायला लागतं आणि शेवटच्या लॅप्समध्ये स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये काम चौघांत वाटलं जातं. शिकायलाही मला तीच बरी वाटते, पायानं काय केलं ते मागून लगेच कळतं.

पण खरं तेही सांगतो, की फ्रंट व्हील ड्राइव्ह सांभाळायला सोपी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं एका गठ्ठ्यात, तीन माउंट सोडले की खाली येतं, अॅक्सल बदलायला दोन सेशनच्या मधला वेळ पुरतो. फक्त ओपन डिफरन्शियल असेल तर संथ वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहतं आणि ताकद तिथेच वाया जाते, लिमिटेड स्लिप, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकालाही देणारं डिफरन्शियल, तुमच्या गटात चालतं का ते बघून ठेव.

जुने फोटो बघ कधी. १९६४ साली जिम क्लार्कनं लोटस कोर्टिनावर ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप जिंकली, त्या गाडीचं वळणात आतलं पुढचं चाक हवेत असायचं. मिनीचं बघितलंस तर उलटं, आतलं मागचं चाक उचललेलं. रिअर व्हील ड्राइव्हला मागची दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली हवीत म्हणून पुढचा भाग कडक, फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढची दोन्ही टेकलेली हवीत म्हणून मागचा अँटी रोल बार (गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) कडक. गाडी कुठलीही घे, सेटअपची सुरुवात ही, की ओढणारी चाकं जमिनीवर राहिली पाहिजेत.

आणि छोट्या गटाला कमी लेखू नकोस. त्याच चॅम्पियनशिपमध्ये १९६१ साली मोठाल्या जॅग्वार धावत असताना विजेतेपद जॉन व्हिटमोरनं ८४८ सीसीच्या मिनीवर नेलं, कारण गुण आपापल्या गटातल्या नंबरावर मिळायचे. तुझ्या क्लबात गुण कसे मोजतात ते विचार. गटावर असतील तर १६०० मध्ये पुढे राहणं हे वरच्या गटात मागे राहण्यापेक्षा कितीतरी चांगलं, पैशानंही आणि मनानंही.

अजून एक, गाडी ठरवायच्या आधी एक रेस वीकेंड नुसता बघायला जा आणि पॅडॉकमध्ये मोज, कुठल्या मॉडेलच्या किती गाड्या आहेत. जे मॉडेल पाचसहा जण चालवतात त्याचा तुटलेला हब तुला रविवारी सकाळी शेजारच्या तंबूत मिळतो. एकट्यादुकट्या मॉडेलचा नाही मिळत.

रेवकट:

इंजिनं आणि चाकं नंतर, आधी पत्रा. मी केजची, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या आतल्या पाइपांच्या सांगाड्याची, कामं करते, सहा वर्षं झाली, आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दोनतीन गाड्यांत एक अशी असते की तिच्यात केज टाकूच नये. सहा वर्षं उभी राहिलेली गाडी म्हटल्यावर माझं पहिलं बोट गंजावर जातं. झाकून ठेवली होती म्हणालास, कव्हरखाली दमट हवा कोंडते आणि गाडी आतून सडते, बाहेरून रंग चकचकीत.

गालिचा पूर्ण काढ, अर्धा उचलून बघू नकोस. दाराखालच्या सिलची पूर्ण लांबी, पुढच्या काचेचा खालचा कोपरा, स्पेअर व्हीलची खोबण, मागच्या आर्मचे माउंट जिथे बॉडीला लागतात ती जागा, सबफ्रेमचे माउंट, आणि बोनेट उघडून दोन्ही स्ट्रट टॉवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं ते पत्र्याचे उंचवटे, वरून आणि चाकाच्या बाजूनं खालून. मऊ फडक्यात गुंडाळून लोहचुंबक फिरव, जिथे घट्ट धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन मुठीनं टोच. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला वाजतच नाही, स्क्रूड्रायव्हर आत जातो. त्यानंतर खालच्या चार ठरलेल्या भोकांमधली तिरकी मापं घे, डावी पुढची ते उजवी मागची आणि उलटं, दोन्ही सारखी आली पाहिजेत, नाही आली तर गाडी कधीतरी जोरात ठोकलेली आहे.

हे एवढं सांगते कारण केजचा प्रत्येक पाय शेवटी पत्र्यावर उभा असतो. पत्रा कुजका असेल तर उलटताना पाय गाडीच्या फ्लोअरमधून खाली उतरतो आणि केज आत येतो.

केजचे आकडे एफआयएच्या पुस्तकातले, पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस स्टीलचा, मेन हूप (सीटमागची मोठी कमान) ४५ बाय २.५ मिमी किंवा ५० बाय २, बाकीचे पाइप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. बेंड थंडच मारायचा, गरम करून नाही, आणि बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या निदान तिप्पट. पायाखाली किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेमीची प्लेट. तुमच्या क्लबचं स्वतःचं कोष्टक असेल तर तेच पाळायचं. शिवणीचा पाइप स्वस्त पडतो म्हणून आणू नकोस, बाहेरून कळत नाही आणि फाटतो तेव्हा शिवणीवरच फाटतो.

भावाचा हात चांगला आहे म्हणतोस, आनंद आहे, तरी त्याला आधी भंगार पाइपांवर दहा जोड घालायला सांग, मग ते जोड करवतीनं मधोमध कापून बघा. बाहेरून सुबक दिसणारा जोड आत नुसता चिकटलेला निघतो, पेनिट्रेशन नसतं, आणि ते कापल्याशिवाय कळत नाही. दहाच्या दहा आतपर्यंत गेलेले दिसले की मग गाडीला हात लावा. वरचे जोड घालताना छत आड येतं, वेल्डिंगची टॉर्च पाइपच्या वरच्या बाजूला पोचतच नाही आणि लोक तिथे अर्धाच जोड घालून सोडून देतात. त्यासाठी पायांच्या जागी पत्र्याला भोकं पाडून केज थोडा खाली उतरवायचा, वरचे जोड चहूबाजूंनी पूर्ण करायचे, मग केज वर उचलून खाली प्लेटा सरकवायच्या. वेळखाऊ आहे, पण पूर्ण गोल जोड दुसऱ्या कशानं होत नाही.

थर्डगिअर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रेवकट ताई, तुमचं वाचलं आणि काल रात्रीच शेडमध्ये गेलो.

सिल ठीक आहेत, डावीकडे मागे थोडी लांबी आहे, चुंबक घसरला, पण टोचल्यावर पत्रा टणक लागला. फ्लोअर चांगला. मग बोनेट उघडलं. उजवा स्ट्रट टॉवर वाजला. डाव्याला वरून काळा अंडरकोट एकदम नीट होता, खालून चाकाच्या बाजूनं टोचलं तर स्क्रूड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला. काढला तर टोकावर तपकिरी चुरा, चिमटीत धरला तर बिस्किटासारखा चुरला. भावानं बोटानं अंडरकोट सोलला तर हाताच्या पंज्याएवढी जागा, स्ट्रटचा माउंट बसतो तिथपर्यंत गेलेली. मी तिथेच खाली बसलो. बाबा दर रविवारी धुवायचे ही गाडी, आणि बॅटरीच्या ट्रेखालून पाणी त्याच टॉवरवर उतरत होतं, हे कुणाला कधी दिसलंच नाही.

रूलबुकही घेतलं. इंजिन बदलायला परवानगी नाही, मूळ ब्लॉकच हवा. टर्बोचा गुणक आमच्याकडेही १.७ आहे. गुण गटावर आहेत. आणि पॅडॉकमधले फोटो बघून मोजलं तर १६०० मध्ये बाबांच्याच मॉडेलच्या सात गाड्या आहेत.

आता कळत नाहीये काय करू. टॉवर कापून नवा पत्रा घालता येईल का? की सोडून देऊ?

शांतडोकं:

टॉवर कापून घालता येतो, जिग, म्हणजे मापं जागेवर धरून ठेवणारा साचा, असेल तर. जिग नसेल तर स्ट्रटचा वरचा बिंदू दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी डाव्याउजव्या बाजूचा कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकांचे झुकण्याचे कोन, जुळत नाही आणि तू वर्षभर अलाइनमेंटच्या मागे फिरशील. मी ते करणार नाही.

सात गाड्या पळतायत ना त्या मॉडेलच्या? मग त्याच मॉडेलचं स्वच्छ शेल, म्हणजे गाडीची बॉडी, शोध. इंजिन जाम झालेली, गिअरबॉक्स गेलेली, सीटकव्हरं फाटलेली, कसलीही चालेल, पत्रा तेवढा कोरा हवा. बाबांच्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, हब, कॅलिपर, दारं, डॅशबोर्डसुद्धा त्यात जाईल. गाडी बाबांचीच राहील.

बांधलेली तयार रेस गाडी विकत घेणं हे सहसा सगळ्यात स्वस्त पडतं हेही सांगून ठेवतो, कारण आधीच्या मालकानं केजवर, सीटवर, डॅम्परवर घातलेले पैसे विकताना त्याला परत मिळत नाहीत. तसं काही मिळालं तर लॉगबुक माग, त्यात किती वेळा ठोकली आणि स्क्रुटिनीला काय शेरे पडले ते असतं. आणि ती तुझ्याच गटाच्या चालू नियमात बसते का ते स्वतः तपास, जुन्या नियमात बांधलेली गाडी आज बसेलच असं नसतं. पण तू ज्या कारणासाठी हे करतोयस ते बघता शेल बदलणं तुला जास्त पटेल असं वाटतं.

पाना१३:

शांतडोकं म्हणतात ते अगदी बरोबर, शेल शोध. तोवर इंजिन काढून स्टँडवर घे, पण ताकद वाढवायला नाही, टिकवायला.

रेसमध्ये इंजिनं ताकद कमी पडली म्हणून मरत नाहीत, तेल मिळालं नाही म्हणून मरतात. वळणात एक जी बाजूचा जोर आला की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, तेल ४५ अंशांत तिरकं उभं राहतं. छोट्या वळणात काही होत नाही, लांब वेगवान वळणात सगळं तेल एका भिंतीला चढून बसतं, पिकअप (तेल ओढणारी नळी) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि बिग एंड बेअरिंग कोरडं फिरतं. स्टॉकचा गेज हे दाखवत नाही, त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. चेंबरमध्ये बॅफल (तेल अडवणारे पडदे) घाल, पिकअपच्या भोवती एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपांची पेटी असली तर उत्तम, आणि प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की पेटणारा मोठा लाल दिवा डोळ्यासमोर लाव. हे सगळं तुमच्या गटात चालतं का ते आधी बघायचं, पुन्हा तेच. इंजिनातून बाहेर फेकलेलं तेल ट्रॅकवर पडू नये म्हणून कॅच टँक लागतो, एफआयएच्या नियमात २००० सीसीपर्यंत २ लिटरचा.

मग ब्रेक. तुझ्या ट्रॅक डेच्या लॅप्स आणि रेसच्या लॅप्स यात फरक हा की रेसमध्ये गार करायला लॅप मिळत नाही. डॉट ४ फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यालेल्या फ्लुइडचा किमान आकडा फक्त १५५ आहे. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फरशीला लागतं. माझं एकदा लागलंय, सरळ रस्त्याच्या शेवटी, दुसऱ्यांदा पंप मारला तेव्हा कुठे थोडं वर आलं, त्या एका सेकंदात जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. दर रेस वीकेंडच्या आधी नवं सीलबंद फ्लुइड घालून ब्लीड करतो तेव्हापासून, अर्धी उरलेली बाटली वापरत नाही. चांगले पॅड, हवा नेणारे डक्ट, नवे होज. मोठे कॅलिपर नंतर, परवानगी असली आणि खरंच लागले तर.

गाडी खाली बसवायची घाई करू नकोस. तुझ्या मॉडेलला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, फार खाली घेतलीस की लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातं, म्हणजे गाडी खाली आली तरी झुकते जास्त. आर्म जमिनीला समांतर किंवा बाहेर जराशी खाली उतरती राहील एवढीच खाली घे. व्हील स्टड नवे टाक, जुने ठेवू नकोस. स्टिकी टायरवर बेअरिंग आणि स्टड या दोन गोष्टी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा खूप लवकर थकतात.

वायरिंग तू करतोस म्हणून एक सांगतो. किल स्विच, म्हणजे अपघातात सगळी वीज तोडणारा स्विच, नुसता बॅटरी तोडणारा नको. इंजिन चालू असताना बॅटरी तोडली तरी अल्टरनेटर इग्निशनला करंट देत राहतो आणि इंजिन बंद होत नाही. दोन सर्किटवाला स्विच घे, इग्निशनही तोडणारा, आणि इंजिन चालू ठेवून दाबून बघ, बंद झालंच पाहिजे. बाहेरून ओढायची दोरी आणि तिच्याशेजारी निळ्या त्रिकोणातली लाल वीज. स्टिअरिंग लॉकही काढून टाक.

थर्डगिअर:

शेल मिळालं! आधी कधी ठोकलेलं नाही, तिरकी मापं दोन्ही सारखी, टॉवर दोन्ही वाजतात, मी आणि भावानं प्रत्येकी एकदा सगळीकडे टोचून बघितलं. मालकानं इंजिन आधीच विकलंय. रविवारी आणतोय. पहिलं काम आतला साउंड डेडनिंगचा डांबरी थर काढणं, आमच्या गटात चालतं, ड्राय आइस टाकून हातोडीनं ठोकलं की तुकडे आपोआप सुटतात असं वाचलं. मग लगेच केजची मापं घेतो, पाइप आणायला जातोय परवा. भावाचे दहा जोड कापून बघितले, तीन आत गेलेले नव्हते. तो पुन्हा करतोय.

रेवकट:

पत्रा छान मिळाला. ड्राय आइस चालतं, पण शेडची दारं उघडी ठेव, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि तुम्ही दोघं फ्लोअरवर वाकून काम करणार. हातमोजेही जाड घाला.

पाइप परवा नको आणूस. केजची मापं कोऱ्या शेलवरून घ्यायची नसतात, आधी सीट. सीटची तारीख बघूनच घे, एफआयएच्या ८८५५-१९९९ या सीटच्या मानकाची मुदत ५ वर्षं असते, ८८६२-२००९ ची १०. पट्ट्यांवरही तारीख असते, दुसऱ्याचे जुने घेऊ नकोस. सीट जमेल तेवढी खाली आणि मागे ठेव, हेल्मेट आणि हान्स, म्हणजे धडकेत मान सांभाळणारं गळ्याचं उपकरण, घालून बस, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे, खांदा सीटवरून न उचलता. तेव्हा कुठे कळेल की मेन हूप डोक्याच्या किती मागे येतो, वर हेल्मेट आणि पाइपमध्ये किती जागा राहते, आणि पट्ट्यांचा आडवा पाइप कुठल्या उंचीवर टाकायचा. पट्टे खांद्यावरून जवळजवळ आडवे मागे जायला हवेत, १० अंशांच्या आसपास, ४५ च्या खाली उतरले तर धडकेत पाठीचा कणा खाली दाबतात. हा पाइप तुझ्या खांद्यासाठी असतो, गाडीसाठी नाही. भाऊही चालवणार असेल तर त्यालाही बसव आणि दोघांतला उंच असेल त्याच्या डोक्यावरून हूपचं माप घे.

थर्डगिअर:

ताई, तो माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे आणि हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. पाइप थांबवला. सीट उद्या येतेय, शेल आलं की लाकडी ठोकळ्यांवर सीट ठेवून दोघंही हेल्मेट घालून बसतो, बाजूनं फोटो काढून इथे टाकतो, पट्ट्यांच्या जागी दोरी बांधून. तुम्ही कोन बघून सांगा, मग पाइप आणू.